सात हजार दोनशे

रिमव्हिदस आला तेव्हा नेमुनस कडेकडेनं गोठायला लागली होती.
जुनी गाडी विकून घेतलेला हेडफोन
त्यानं आजारी मांजर ठेवावं तसा टेबलावर ठेवला.
म्हणाला, "सगळं आहे यात. फक्त टोचतं.
व्हायोलिन वर चढलं की माझ्या डोळ्यांमागे
कुणीतरी ताटली घासतं."

केवढ्याला घेतला, हे व्हितेनिसनी विचारलं नाही.
रबरी कानावर तो चढवला
आणि खालून वर एक सूर सोडला, अखंड.
पडद्यावर रेघ उमटत गेली:
सपाट, सपाट, जरासा उतार,
मग सात हजार दोनशेवर
एकदम सुळका.

"हा बघ," ते म्हणाले. "खवट दाणा."

सबंध दुपार आम्ही तो सुळका झिजवला.
नमद्याची चकती, दीड मिलिमीटर:
बायकांचा अख्खा कोरस गोधडीत शिरला.
चहाच्या पुडीचा पातळ कागद: बरा,
पण झांजेतला जीव गेला.
परत नमदा. मधोमध भोक,
आधी मसुराएवढं, मग वाटाण्याएवढं.
मागच्या जाळीवर नखाएवढी चिकटपट्टी.
कानाची गादी किंचित लांब.
दर वेळी ते हेडफोन माझ्याकडे सरकवत, "ऐक."
दर वेळी मी सांगे: अजून धार आहे.
आता बोथट.
आता जवळ आलो.

मला वाटायचं, शिकवतायत.
अकरा महिने मला तसंच वाटत होतं.

साडेचारला अंधारलं.
दिवा लावायला उठले तेव्हा माझा कोपर लागला कशाला तरी,
आणि तोच सूर, सात हजार दोनशे,
मोठ्या स्पीकरमधून सुटला.
टेबलाखालचा कुत्रा दारापर्यंत पळाला.
रिमव्हिदसच्या कपातला चहा सांडला.
मी दोन्ही कानांवर हात दाबून उभी,
आणि व्हितेनिस
जीभ किंचित बाहेर काढून
नमदा कापत होते. गोल, न थरथरता.

मग त्यांनी वर पाहिलं. माझ्या हातांकडे.
"वाजतंय का?"

बटण बंद केलं. फरशी पुसली.
रिमव्हिदस शहाणा माणूस, खिडकीतून बर्फ बघत बसला.

नंतर सांगितलं त्यांनी, पक्कड पुसता पुसता.
रेडिओच्या कारखान्यात तपासणीचं बाक, बावीस वर्षं.
आधी गवतातले किडे गेले.
मग किटलीची शिट्टी,
ती बायको गेल्यावर गेली, म्हणून उशिरा कळलं.
मग झांजा. मग 'स'.

आमच्या भाषेत पुरुषाचं नाव बहुधा 'स'वर संपतं.
बापाचं, भावाचं, देवाचं.
कौनस शहर. नेमुनस, तीही आमच्याकडे पुरुषच.
जगभरचे लोक पैसे देऊन आमच्याकडून
हाच 'स' मऊ करून घेतात,
आणि या माणसाला तो फुकट मऊ मिळाला,
इतका, की उरलाच नाही.

रिमव्हिदसनं रात्री आठला हेडफोन घातला.
बराच वेळ काहीच नाही.
मग त्याचे खांदे खाली आले,
ओला कोट खुंटीवर सैलावतो तसे.
"आहे," म्हणाला. "वरचं सगळं आहे. पण बोचत नाही."
व्हितेनिसनी मान डोलावली,
न पाहिलेल्या गावाची वाट
बरोबर सांगितल्यासारखी.

हाक मारताना मात्र आम्ही तो 'स' गाळतो.
व्याकरणच आहे तसं: व्हितेनी!
जेवायला ये, व्हितेनी. दार लाव, व्हितेनी.

सकाळी मी नमद्यासाठी दुकानात फोन लावला,
"व्हितेनिसना आणखी दोन मीटर हवाय," म्हटलं,
नेहमीसारखं, हळू.
खोलीच्या पलीकडून त्यांनी मान वळवली.
हे रोजचंच. मी रोज समजत आले,
म्हाताऱ्याला चौकशा फार.

चश्मा कपाळावर, हातात अर्धी कापलेली चकती,
चेहरा कुणीतरी बोलावल्यासारखा उजळलेला:
"काय गं?"