तारांखालची भाजी

घणसोलीत हाय टेन्शनच्या तारा जिथून जातात
तिथे खाली कुणाला घर बांधता येत नाही.
म्हणून ती जागा आम्हाला मिळाली.
वीस वाफे, एक नळ, निळं पिंप,
आणि डोक्यावर दिवसभर
कुणीतरी तोंड मिटून गुणगुणावं तसा आवाज.

निवाऱ्यातून आम्ही नऊ जण येतो, सकाळी सातला.
निवाऱ्यात मला पलंग आहे, लॉकर आहे.
लॉकरची चावी करगोट्यात ओवलीय,
आंघोळीलाही काढत नाही.

तुर्भ्याच्या मार्केटात वीस वर्षं कांदा वाहिला.
कांदा मला वजनानं ठाऊक, वासानं ठाऊक,
गोणीत सडायला लागला की
पाठीवर कुठे ओल झिरपते तेही ठाऊक.
पण पात आधी येते आणि कांदा नंतर धरतो
हे बावन्नाव्या वर्षी कळलं.
हसू नका.

आधी मणका सरकला, मग खोली सरकली,
मग माणसं.
सहा वर्षं हायवेच्या पुलाखाली काढली
आणि एकच गोष्ट पक्की शिकलो:
काही ठेवून जायचं नाही.
चादर ठेवली, गेली.
आधार कार्ड विटेखाली ठेवलं,
विटेसकट गेलं.
चपला उशाला, पातेलं पोटाशी,
लघवीला जातानाही सगळा संसार काखेत.

आणि इथे चांगुणाबाय म्हणते,
पेर नि जा.

चांगुणा भोईर, घणसोली गावातली.
सत्तरी उलटली, काष्टा घट्ट.
समोरच्या टॉवरकडे विळा दाखवून म्हणाली,
"त्यो कुत्रा भुकतंय ना सातव्या माल्यावर,
त्याचे खाली आमची खाचरां व्हती."
बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं
आणि माझ्याकडे वळली,
"पानी घालतंस का बुडवून मारतंस?
मुळांना दम घेऊं दे जरा."
सहा वर्षांत माझ्यावर लोक ओरडले होते पुष्कळ.
कामावरून कुणी ओरडलं नव्हतं.

मेथी पेरली त्या रात्री झोप नाही.
बी उघड्यावर. ना कुलूप, ना वीट.
अडीचला उठून कुंपणापर्यंत गेलो.
माती होती.
तेवढंच दिसलं, माती कुणी नेली नव्हती.

चौथ्या दिवशी कोंब वर आले,
मान वाकवून, डोक्यावर बियाची साल घेऊन,
शंभर-दोनशे हमाल, एका रांगेत.
दुपारपर्यंत एकेकानं
ओझं खाली टाकलं
आणि दोन पानं उघडली.
मी तिथेच बसून राहिलो.
मुकादम समजले असतील मला.

लतीफचा वाफा माझ्या शेजारी.
त्यानं तोंडलीचा वेल लावला, काठ्या बांधल्या,
गाठी अशा की रंगारी होता हे लगेच कळावं,
परातीचा दोर बांधणाऱ्याच्या गाठी.
ईदनंतर एक दिवस आला नाही.
मग आलाच नाही.
कळव्याला पाहिला म्हणे कुणी, स्टेशनबाहेर.
कुणी म्हणतं तो दुसराच होता.
पलंग आठव्या दिवशी दुसऱ्याला दिला,
तसा नियमच आहे.
वाफा नाही दिला. चांगुणाबाय आडवी पडली.
त्याच्या वेलाला पाणी मी घालतो.
तोंडली आम्ही तोडत नाही.
पिकून लालबुंद होतात,
बुलबुल फोडून खातात,
खाली बी सांडतं.

बाकी फार काही सांगण्यासारखं नाही.
पाठ दुखते. मेथीची जुडी दहा रुपयांना जाते,
पावसाळ्यात पंधरा.
निवाऱ्यातल्या मॅडम विचारतात, पुढे काय?
मी सांगतो, वांगी.
त्या वहीत काहीतरी लिहितात.

परवा खुरपं वाफ्यातच राहिलं.
रात्री पंगतीत बसलो, घास घेतला
आणि आठवलं.
हात कमरेकडे गेला, चावीकडे.
मग वाढणाऱ्याला म्हटलं,
अजून एक चपाती दे.