हातचा एक

आफ्लाओच्या बाजूला माझ्या यादीत चाळीस घरं,
लोमेच्या बाजूला चाळीस.
मध्ये फाटक, दोन रंगांचे गणवेश,
आणि समुद्र,
ज्याला अजून कुणी पासपोर्ट मागितलेला नाही.
टॅबलेटवर एकशे बारा प्रश्न.
उत्तरांची बेरीज झाली की कळेल म्हणे
जगणं कुठल्या देशात बरं आहे.

एन्योनाम घानात राहते.
नळ आहे? आहे.
पाणी येतं?
ती हसली. "येतं, लहर लागली तर. असं आहे का तुझ्या यादीत?"
नव्हतं. मी 'होय'वर बोट टेकवलं.
आरोग्य विम्याचं कार्ड तिनं कमरेच्या कापडाला पुसून दाखवलं,
फोटोसकट.
दवाखान्यात औषध नसतं,
पण कार्ड आहे.
पूर्वी जेवढ्या सेदीत मक्याची गोणी यायची
तेवढ्यात आता अर्धीच येते.
"उरलेली अर्धी कुठे गेली ते शोध," म्हणाली,
"आणि सापडली तर प्रश्नाबिश्न राहू दे, गोणी घेऊन ये."

तिची बहीण सित्सोफे त्याच रस्त्यावर पुढे राहते,
म्हणजे परदेशात.
रांग नसेल तर अकरा मिनिटं.
तिच्या देशातला पैसा गडगडत नाही.
"फ्रँक जागचा हलत नाही," ती म्हणाली,
"माझ्याकडे यायलासुद्धा."
वीज आहे. फ्रिजही आहे,
त्यात शाळेचे गणवेश घडी करून ठेवलेत,
उंदीर शिरत नाहीत.
मुलगा फ्रेंचमध्ये पहिला आला.
इंग्रजी आलं असतं तर पोराचं सोनं झालं असतं,
असं ती तीनदा म्हणाली.
सकाळी एन्योनाम तिच्या मुलीच्या फ्रेंचबद्दल
हेच, चारदा.

प्रश्न सत्त्याहत्तर:
शेजारच्या देशापेक्षा तुमचं आयुष्य
चांगलं, वाईट, की सारखंच?
"तिचं बरं आहे," एन्योनाम.
"तिचं बरं आहे," सित्सोफे.
असूया होती, नाही असं नाही,
कालवणात मिठाइतकी.

घोळ झाला तो पहिल्याच प्रश्नाला.
कुटुंब म्हणजे
काल रात्री एका भांड्यातून जेवलेली माणसं.
मोजा.

मोजू कसं?
मक्याचा आकुमे शिजतो इकडे,
मासळीचा रस्सा तिकडे,
आणि तिन्हीसांजेला आब्ला, दोघींची आई,
एक भांडं डोक्यावर घेऊन जाते
आणि दुसरं घेऊन परतते.
शिपाई झाकण उचलतो, नाक लावतो,
जा म्हणतो.
साथीत फाटक बंद होतं तेव्हा
ती जाळीच्या या अंगाला बसायची,
वाडगं खालून सरकवायची
आणि रिकामं परत येईस्तोवर उठायची नाही.
आता दहाला फाटक लागतं.
उशीर होईल त्या देशात ती झोपते.

"आई, तुम्ही राहता कुठे?"
"आज वार कुठला?"

मी तिला दोन्हीकडे लिहिलं.
संध्याकाळी साहेबांचा फोन: दुबार नोंद आहे,
कुठून तरी एकीकडून काढ.
त्याशिवाय बेरीज जुळत नाही.

मला पाटी आठवली.
आठ आणि सात पंधरा,
पाच खाली, हातचा एक.
गुरुजी कान धरून सांगायचे,
हातचा या रकान्यातला नाही, त्या रकान्यातलाही नाही,
इकडून निघून तिकडे चाललेला असतो.
तो डोक्यावर लिहायचा, बारीक,
आणि विसरलास
तर खालचं सगळं चूक.

दहाला पाच कमी आहेत.
टॅबलेट विचारतोय, काढू का?
समोरून आब्ला येतेय, भराभर,
डोक्यावरचं भांडं
जराही न हिंदकळता.