सातवा शिकंजा

ॲल्विनच्या गॅरेजात शनिवारी विक्री होती.
जुलैची थंडी. ह्युऑन नदीवरचं धुकं उठायचं नाव घेत नव्हतं,
आणि दाराशी घडीच्या खुर्चीत नोरीन,
मांडीवर सुट्ट्या पैशांचा बिस्किटाचा डबा.

मला ब्लॅकवूडच्या चार फळ्या जोडायच्या होत्या.
टेबल. बाकी काही नाही.
तीस वर्षं शाळेची बस चालवली,
रंधा हातात आला तो निवृत्तीनंतर,
आणि जवळ होते दोनच शिकंजे,
दुकानातले, चकचकीत, नारिंगी मुठीचे.
आवळायला गेलं की दांडी धनुष्यासारखी वाकायची
आणि फळ्या मधूनच उठायच्या,
मागच्या बाकावरच्या पोरांसारख्या.

ॲल्विनचे शिकंजे भिंतीवर, खुंटीला एकेक,
प्रत्येकामागे त्याचाच पेन्सिलीने काढलेला आकार.
मी एकेक उतरवत गेले.
एक डोळा मिटून दांडीच्या टोकापासून टोकापर्यंत पाहिलं,
सरळ आहे की पोटात बाक आहे.
जबडा सरकवला. घसरतो, की धरतो?
आट्यांवरून नख फिरवलं,
झीज नखाला आधी कळते, मग डोळ्याला.
ताण दिला की काहींचं तोंड वर व्हायचं,
बढाईखोराचं होतं तसं. ते परत खुंटीला.
रंगाकडे पाहिलंच नाही.
एकाच्या दांडीवर जुना सरस गोठला होता,
पिवळा, मेणबत्तीच्या ओघळासारखा.
तो सगळ्यात आधी काखेत मारला.
ज्याच्यावर कधी सरस सांडला नाही
त्याने आयुष्यात केलं काय?

“किती?” नोरीनने विचारलं.
चार, म्हटलं.
“सहा घे. त्याला कधी पुरले नाहीत.
गेला त्या आठवड्यातही आणखी दोन मागवत होता.”
किंमत तिने आपणच उतरवली,
मला लाज वाटून मी चढवली,
ती पुन्हा खाली, मी पुन्हा वर.
मागे उभा असलेला माणूस कंटाळून
लॉनमोवर बघायला गेला.

एक खुंटी रिकामी होती. आकार होता, शिकंजा नव्हता.
“हा?”
“तो नाही विकायचा. ओव्हनच्या दाराला आहे.
बिजागरी तुटून अकरा वर्षं झाली.
उद्या बघतो, म्हणाला होता.”

घरी सरस न लावता आधी कोरडंच बांधून पाहिलं.
एक खालून, एक वरून, एक खालून.
फार आवळायचं नाही,
नाहीतर सगळा सरस बाहेर येतो आणि सांधा आतून उपाशी राहतो.
कडेला मोहरीएवढे थेंब दिसले की हात थांबवायचा.
हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं.
पण सहा लावूनही डावीकडे, अगदी टोकाला,
पोस्टकार्ड जाईल एवढी फट.
नारिंगी लावून पाहिला.
फट हसली.

संध्याकाळी नोरीनकडे गेले.
मी वाक्य जुळवत होते, तोवर
ती ओव्हनपाशी वाकून मूठ फिरवायला लागलीसुद्धा.
दार धाडकन पडलं.
आमच्या नडग्यांवर गरम वाफ, मेंढीच्या मटणाचा वास, रोजमेरी.
“कधीपर्यंत?”
सकाळपर्यंत.
“बरं.”

शिकंजा हातात ऊन होता.
थंडीतून तो कोटाच्या आत धरून नेला,
आणि फाटकापाशी मागे वळून पाहिलं तर
स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा,
नोरीनने खुर्ची ओव्हनपुढे ओढलेली,
एक पाय, जाड लोकरी सपातेतला, दारावर घट्ट रोवलेला,
आणि नाकावर चष्मा,
ती शब्दकोडं सोडवत होती.