पंचवीस लिटर माती

दुकानातला पोरगा म्हणाला,
पिशवी रिकामीसुद्धा करू नका, आजी.
उभी ठेवा, वरून तोंड कापा,
बुडाला स्क्रूड्रायव्हरने वीसेक भोकं पाडा.
बास. रताळं काही मागत नाही.

याहाताच्या या इमारतींना लिफ्ट नाही.
चौथ्या मजल्यापर्यंत मी ती माती
एकेक पायरी चढवली,
दर वळणावर टेकवून,
जशी काही तीच दमली होती.

मे महिन्यात तीन तुकडे लावले वेलाचे,
मुळं नसलेले, ओल्या वर्तमानपत्रात आलेले.
लावताक्षणी त्यांनी मान टाकली.
आठवडाभर मेल्यासारखे पडून होते.
आठव्या दिवशी एकाने पान उचललं,
उशिरा उठलेला माणूस उठतो तसं,
कुणाशी न बोलता.

मग मी लाड केले.
तांदळाचं धुवण, कोंडा, मासळीचं पाणी.
वेल माजला.
जुलैत कठड्याबाहेर, ऑगस्टात
खालच्या मजल्याच्या वाळत्या कपड्यांपर्यंत.
इकडे त्याला वेलाचा म्हातारचळ म्हणतात:
वर इतकं मिळतं की तो विसरतो
खाली अंधारात त्याला काही करायचं होतं.

योशिताका बस चालवायचा.
शेवटी माझं नाव गेलं त्याच्या तोंडून,
थांब्यांची नावं राहिली.
रात्री झोपेत ओळीने म्हणायचा,
शेवटच्या थांब्यापर्यंत,
आणि तिथून परत.

एका संध्याकाळी दार वाजलं.
तिसऱ्या मजल्यावरची व्हिएतनामी मुलगी, लुयेन,
वृद्धाश्रमात काम करते, वाकून नमस्कार
आमच्यापेक्षा जास्त वेळ करते.
म्हणाली, तुमचं झाड माझ्याकडे येतं.
मी थोडी पानं खाल्ली. माफ करा.

खाल्ली?

लसूण घालून, ती म्हणाली,
आणि आणखी वाकली.

माझ्या आईने युद्धाच्या वर्षी
शाळेचं मैदान खणून रताळी लावली होती.
रताळी सैन्याकडे गेली, देठ यांच्याकडे आले.
देठ उकळून, देठ वाळवून, देठांचं पीठ.
पुढे साठ वर्षं तिने रताळ्याला हात लावला नाही.
हिवाळ्यात भाजक्या रताळ्यांची गाडी
गल्लीत ओरडत आली की
ती उठून खिडकी लावायची.
वासाचं मी काही विचारलं नाही.
पानं अन्न असतात हेही
त्या घरात कुणी कधी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी लुयेनने वाटी आणली.
हिरवीगार, तेलाने चकाकणारी,
वर लसणाचे तांबूस काप.
पहिल्या घासाला मी डोळे मिटले, खरं तर
आईकडे बघायचं नव्हतं म्हणून.
मऊ होती. जराशी बुळबुळीत.
वाटी मी पुसून खाल्ली.

त्यानंतर वेल आत ओढायचं सोडून दिलं.
सकाळी सातला, तिची रात्रपाळी संपली की
खालून कात्रीचा आवाज यायचा,
आणि माझ्याकडचा वेल
किंचित हलायचा,
मासा लागल्यासारखा.

ऑक्टोबरात पिशवी फाडली.
पेन्सिलीसारखी मुळं, पुष्कळ. शिसंसुद्धा नसलेली.
आणि तळाशी एक रताळं,
मुठीएवढं, वाकडं,
माझ्याच स्क्रूड्रायव्हरच्या भोकातून
बाहेर पडायला निघालेलं,
कमरेला प्लास्टिकचा वळ.

लुयेन म्हणाली, आजच भाजू.
मी म्हटलं, काढल्या काढल्या ते गोड नसतं.
तीन आठवडे कागदात ठेवायचं,
हात न लावता.
तिने कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं
आणि एका सुट्टीवर थांबली.

आता माती तेवढी खाली न्यायची आहे.
भिजलेली आहे, म्हणजे मे महिन्यापेक्षा जड.
शनिवारी सातनंतर, लुयेन म्हणते,
खालचं टोक मी धरते,
तुम्ही फक्त पायऱ्या मोजा.