ग्रबी

गेट्सहेडच्या उतारावर, रेल्वेच्या भिंतीमागे
चौदा नंबरचा वाफा एनिड हेस्लॉपचा.
एक्क्याऐंशीची बाई,
गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन
लीकच्या रोपांना भर देत असते.
पंधरा नंबरात टेस्फालेम,
अस्मारा सोडून सहा वर्षं झालेला,
खिशात वही, कानामागे पेन्सिल.

"ग्रबी म्हणजे?"
वर्गात शब्द आला होता,
अर्थ मागे राहिला होता.

एनिडनं आधी खुरपं पुसलं.
"घाणेरडं म्हटलं की माणूस दोन पावलं सरकतो.
कळकट, ते आपलं जुनं स्टेशन,
धुराची पुटं चढलेलं.
मेणचट म्हणजे माझ्या दिराची कॉलर,
देव त्याचं भलं करो.
आणि ग्रबी..."
तिनं हात पुढे केले.
नखांना काळी कड, रेघारेघांत माती.
"हे. काहीतरी करून आलेले हात.
पोर असं घरात शिरलं की आई ओरडते,
पण हसू दाबून."

त्यानं लिहून घेतलं: आई. हसू दाबून.

पुढच्या मंगळवारी तो पेपर घेऊन आला.
कुण्या नगरसेवकाचा जमिनीचा व्यवहार,
मथळ्यात तोच शब्द.
"ह्याचे हात तर स्वच्छ आहेत फोटोत."
"असणारच," एनिड म्हणाली,
"खणलंय कधी त्यानं?"

मग तो रात्रपाळीबद्दल बोलला.
हॉस्पिटलची लाँड्री, लाल पिशव्या,
प्रत्येकीवर छापलेलं: सॉइल्ड.
"सॉइल म्हणजे माती, तुम्हीच शिकवलंत.
मग चादरीवर रक्त सांडो, ओकारी होवो,
नाव मातीचंच का?"

एनिड ढेकूळ फोडत राहिली.
फुटलेलंच पुन्हा फोडलं तिनं.

मी सोळा नंबरात
घेवड्याला काठ्या रोवत सगळं ऐकत होते.
माझ्या भाषेत मळ आणि मळा
ह्यांच्यामध्ये एक काना उभा असतो,
रोवलेल्या काठीसारखा.
सांगावंसं वाटलं.
पण काना म्हणजे काय, तिथपासून सुरुवात करावी लागली असती,
आणि ऊन उतरत होतं.
म्हणून एवढंच विचारलं,
"नळाला पाणी आहे का आज?"

होतं.
एकाच बादलीत तिघांनी हात बुडवले.
पाणी लगेच चहासारखं झालं.
टेस्फालेमनं वही तेवढी
दातांत धरून ठेवली होती,
भिजू नये म्हणून.