एकविसावा दिवस

मंगळवारी रेशम येते, जरीपटक्याहून,
बापाच्या सायकलीच्या दांडीवर आडवी बसून.
चेहरा हळद धुऊन काढलेल्या फडक्यासारखा,
म्हणजे तारीख बरोबर आहे.

डावा हात पुढे करते, उजवा मागे लपवते.
"अदी, ही नको. ही शीर रुसली आहे."
मराठी तिने वॉर्डातच उचलली, आयांकडून,
म्हणून मधूनच "काहून टोचता बाप्पा"
आणि अख्खी खोली हसते.
एकच शब्द अजून घोटकीचा:
मी रक्त म्हणते, ती रतु.
मधला क वाघ्याला जमा करून आली असेल,
मी विचारलं नाही.

पिशवी लटकली की तिचा प्रश्न,
"आज कुणाचं?"
नाव सांगायचं नसतं. मला माहीतही नसतं.
नंबर, गट, मुदत, एवढंच चिकटवलेलं.
तरी सांगते.
मागच्या खेपेला दिघोरीच्या वेल्डरचं होतं,
त्याआधी मोमीनपुऱ्यातल्या शिंपीणबाईचं,
आज, थांब, तर्री-पोहेवाल्याचं दिसतं.
ती डोळे मिटते.
"हो. तिखट आहे."

मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद,
फ्रिजचे कप्पे उघडे पडतात.
त्या खेपेस तिला अठ्ठावीस दिवस थांबवलं.
परसराम काही बोलला नाही.
नळाशी जाऊन पोरीची बाटली भरत राहिला,
भरून वाहू लागली तरी.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं:
हाडातला मगज बदलला तर पिशव्या सुटतील.
सख्ख्या भावंडाचा जुळला तर उत्तम.
सख्खा भाऊ आहे. विनेश. दहा वर्षांचा.
त्याचा कागद अडकला, म्हणून आजोबांपाशी राहिला,
"पंधरा दिवसांत पाठवतो."
त्याला चार वर्षं झाली.
फोनवर तो बाही वर सारून दंड दाखवतो,
हा तुझ्यासाठी वाढवतोय म्हणतो.
दंडातून नाही काढत रे, असं
मला सांगता आलं असतं.

केसपेपरवर एक रकाना, मूळ गाव.
क्लार्क दर वेळी विचारतो, बाप दर वेळी सांगतो,
क्लार्कचं पेन दर वेळी थांबतं.
एकदा रेशम मधेच म्हणाली,
"काका, माझ्यात आता एकाहत्तर पिशव्या नागपूर आहे."
त्याने चष्मा काढला, पुसला, घातला.
लिहिलं तेच, जे कागदावर होतं.

चारला पिशवी सपाट होते.
ओठांवर रंग चढतो, आयांशी भांडण सुरू होतं,
लोह उतरवायची गोळी पाण्यात घोळून
नाक धरून पिते.
बाप खिशातून पन्नीत गुंडाळलेला परवाना काढतो,
बघतो, परत ठेवतो.
नऊ तारखेला संपतो.

मी बोटांवर एकवीस दिवस मोजले. पंधरा.
हातात पेन्सिल होती, ती खाली ठेवली,
पेनने लिहिलं:
पंधरा. मंगळवार. सकाळी आठ.
उपाशी येऊ नये.