नमुना

स्पेनची ऑर्डर आली तेव्हा मार्च संपत होता,
शेडचा पत्रा दुपारी कडकड वाजायला लागला होता.
पाच फोटो, पाच टॉवेल, प्रत्येकी बाराशे नग.
मालक म्हणाले, सुगुणा, शुक्रवारपर्यंत ग्राफ पाहिजेत.

पहिलं रानमांजर. कानांच्या टोकांवर काळे झुपके,
शेपूट एवढीशी,
जणू बाणा संपला म्हणून तिथंच थांबवली.
ते सोपं गेलं. ठिपके मला येतात.

दुसरं झाड. बुचासाठी त्याची साल काढतात
आणि उघड्या, तांबूस खोडावर आकडा रंगवतात :
कुठल्या साली सोललं, त्याचा.
मग नऊ वर्षं त्याला हात लावत नाहीत.
मी तो आकडाही विणला.
आमच्याकडंही ताग्याच्या कोपऱ्यात लूमचा नंबर टाकतात,
पण इथं नऊ मिनिटं लूम थांबला
तर जॉबर विचारायला येतो.

तिसरा करकोचा, चर्चच्या मनोऱ्यावर
काटक्यांचा संसार मांडून बसलेला.
चौथं गिधाड.
गिधाडाला तोंड कोण पुसणार, असं मालकीणबाई म्हणाल्या,
पण ॲडव्हान्स जमा झाला होता.

पाचवा फोटो उघडला आणि माउसवरचा हात तसाच राहिला.
पिवळं गवत, गुडघ्याइतकं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं.
मधेमधे दगड.
मागं आभाळ, त्यात काहीच नाही.
मी मोठ्यानं म्हणाले, अय्यो, हे तर नान्नज.
खाली लिहिलं होतं : एस्त्रेमादुरा.

आणि गवतात तो, मान ताठ,
सगळ्या माळाचं भाडं एकट्यानं भरल्यासारखा.

नायना मला सायकलच्या दांडीवर बसवून
बार्शी रोडनं न्यायचे, सुट्टीच्या दिवशी, अंधार असतानाच.
तिथं त्यांचा दोस्त सिद्राम कोळेकर गार्ड होता.
तिघं बांधाआड पालथे पडायचो.
आधी यायचा आवाज,
रिकाम्या रांजणात कुणी तोंड घालून हुंकार भरावा तसा,
मग कितीतरी वेळानं पक्षी.
नायना म्हणायचे, बट्टमेका.
शेजारच्या गौरव्वा म्हणायच्या एरेभूत, काळ्या मातीचं भूत.
शाळेत माळढोक.
सिद्राम नुसतं, हूम.
आणि स्पेनमध्ये अवुतार्दा. शोधून पाहिलं,
मूळ अर्थ म्हणे, मंद पक्षी.

एवढी नावं, म्हणजे पक्षी एकच असणार,
असं मी धरून चालले.
फोटो बाजूला केला आणि चौकोन आठवणीतून भरले.
मान पांढरी. छातीवर काळा पट्टा.
डोक्यावर काळी टोपी, मागं जराशी उचललेली.
असा ग्राफ मी आधी कधी भरला नव्हता,
डबा तसाच राहिला त्या दिवशी.

नमुना गेला. सोमवारी मेल आली, अगदी सभ्य :
पक्षी सुंदर आहे, पण आमचा नाही.
आमच्याला टोपी नसते. मिशा असतात.

फोटो परत बघितला. होत्या मिशा,
चोचीखालून दोन्हीकडं पांढऱ्या, म्हाताऱ्या फौजदाराच्या.
दोनशे बारा काळे चौकोन पुसले, मिशा लावल्या.
तासाचं काम.
बाराशे नग वेळेत गेले.

उरला नमुना.
तो घेऊन नान्नजला गेले, एसटीनं.
सिद्राम आता रिटायर आहे, एका डोळ्यात फूल पडलंय.
त्यानं टॉवेल बाजेवर पसरला,
अंगठा उलट्या दिशेनं फिरवला, पिसं चाचपावीत तसा.
नर आहे, म्हणाला.

यंदा किती दिसले, मी विचारलं.
त्यानं आधी शेळी हाकलली. मग पाणी दिलं.
एक, म्हणाला. मादी.
अंडं घालते, उन्हात उबवत बसते, दिवस मोजून.
आतून काही निघत नाही.

मग त्यानं विचारलं, तिकडं किती हायत?
हजारो, मी म्हणाले. वाचलं होतं.
बरं हाय की, म्हणाला,
आणि खरंच बरं वाटलेलं दिसलं त्याला.

टॉवेलची घडी घातली, पक्षी आतल्या बाजूला.
धुतल्यावर रंग जातो का?
नाही जात, म्हणाले, पक्का आहे.
सूत झिजतं फक्त.